फोन सामान्य माणसापर्यंत कोणी पोहोचवला? पिवळ्या बूथनं की मोबाइलनं?

कृष्णाकाठ :
टेलिफोनच्या इतिहासावर कुणीही लिहायला बसलं की 1876 चा बेल, 1882 साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला सुरू झालेली एक्स्चेंजं, आणि तिथून थेट 1995 चा मोबाइल. मधलं सगळं गाळून मोकळे! माझं म्हणणं असं की आपल्याकडे सामान्य माणसाच्या हाती फोन दिला तो एसटीडी-पीसीओच्या बूथनं, म्हणजे पैसे देऊन परगावी थेट नंबर फिरवता येणाऱ्या सार्वजनिक फोननं. मोबाइल आयत्या बिळावर नागोबा.

1984 साली सी-डॉट ही टेलिफोनची यंत्रणा देशातच बनवणारी सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली. हाती 36 महिने आणि 36 कोटी रुपये. त्यातून 128 लाइनींचं ग्रामीण एक्स्चेंज तयार झालं आणि 1986 मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसलं. त्याची करामत ही की त्याला एसी लागत नव्हता. जिथे पंखा फिरायची मारामार, तिथे एसीवर चालणारं परदेशी यंत्र बसवून काय करणार होतो? सी-डॉट उभं करणाऱ्या सॅम पित्रोदांवर टीका करायला पुष्कळ जागा आहे, पण उन्हाळा आणि धूळ धरून यंत्र बनवायचं हे त्यांच्या टीमला सुचलं, याचं श्रेय द्यायलाच हवं.

आडवळण :
दादा, श्रेय द्या, पण आरती नको. 1991 साली 85 कोटींच्या देशात लाइनी होत्या जेमतेम 50 लाख. घरी कनेक्शन हवं तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहा, नाहीतर ओवायटीत, म्हणजे 'ओन युअर टेलिफोन' योजनेत, जास्तीचे पैसे भरा. लोक बूथवर जात होते कारण टेलिफोन खात्याला घरी फोन देता येत नव्हता. टंचाईला काचेचं दार लावलं, याला तुम्ही क्रांती म्हणताय?

ट्रंकबाई :
मी ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे कॉल हातानं जोडून द्यायच्या जागी, नोकरी केली आहे, म्हणून लिहिते. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे तीन प्रकार. लाइटनिंगला ऑर्डिनरीच्या आठपट दर. ऑर्डिनरी कॉल सकाळी बुक केला तर संध्याकाळपर्यंत लागेल याची खात्री नाही. कुणी गेल्याचा निरोप द्यायचा असला की माणूस खर्चाचा विचार न करता लाइटनिंग सांगायचा, आणि लाइन इतकी खराब की "वारले" हा शब्द मला दोन्हीकडे ओरडून सांगावा लागायचा. एसटीडी तर कानपूर-लखनौला 1960 सालीच सुरू झाली होती, पण ती ज्याच्या घरी फोन त्याच्यासाठी. बूथ आल्यावर लोकांचं आमच्या मिनतवाऱ्या करणं संपलं. आडवळण, तुम्ही त्या बोर्डासमोर बसला असता तर टंचाई म्हणजे काय ते कळलं असतं.

हिशेबतपासनीस :
दोघंही अर्धंच सांगताय. 1995 चा मोबाइल गरिबाचा नव्हताच. मिनिटाला 16 रुपयांपर्यंत दर, वर आलेल्या कॉलचेही पैसे! फोन वाजला की लोक नंबर बघून कट करायचे. कंपन्यांनी लायसन्ससाठी अवाच्या सवा बोली लावल्या होत्या, त्या त्यांच्याच गळ्याशी आल्या. सरकारच्या 1999 च्या दूरसंचार धोरणानं ठरावीक फीऐवजी महसुलात वाटा घ्यायचं ठरवलं, तेव्हा कुठे श्वास मिळाला. 2003 ला इनकमिंग फुकट झालं आणि 2004 मध्ये मोबाइलनं लँडलाइनला मागे टाकलं. यंत्रं कुठलीही असोत, दर कागदावर ठरतात.

आडवळण :
हेच म्हणतोय मी! सरकारी मक्तेदारी मोडली, दर पडले. बूथ राहिला असता तर आजही रात्री उशिरा लागू होणाऱ्या पाव दराची वाट बघत रांगेत उभे असतो. आणि आतलं सगळं बोलणं बाहेरच्या पाच जणांना ऐकू जायचं ते वेगळंच.

साखरतर :
रत्नागिरीकर आहे. आमच्याकडे निम्मी घरं आखातावर. कुवेतहून कॉल यायचा तो बूथवर, शुक्रवारी, ठरलेल्या वेळी. बायका मुलांना घेऊन आधीच येऊन बसायच्या. बूथवाला इनकमिंगचेही दोन-चार रुपये घ्यायचा, पण तोच पोरगं धाडून घरून बोलावूनही आणायचा. हे काम मोबाइल कंपनीच्या कुठल्या धोरणात बसतं, हिशेबतपासनीस?

हिशेबतपासनीस :
बसत नाही, मान्य. पण त्याच बायकांना आज फोन घरात येतो, चेहराही दिसतो, वर पैसे जवळपास शून्य. त्यांनाच विचारा परत बूथ हवा का.

कृष्णाकाठ :
त्यांना नको असेल. बूथवाल्याला विचारा. सरकारनं पीसीओ देताना अपंगांना प्राधान्य दिलं होतं. एक टेबल, लाल आकड्यांचा मीटर, बिल छापणारं यंत्र, एवढ्यावर त्यांचा संसार चालायचा. कॉल संपायच्या आत गिऱ्हाइकाची नजर त्या आकड्यांवर, आणि पुढचा पल्स, म्हणजे मीटरचा पुढचा आकडा, पडायच्या आत रिसीव्हर खाली. मोबाइल स्वस्त झाला तशी ती दुकानं झेरॉक्स आणि रिचार्ज कूपनांवर आली, मग तीही गेली. त्यांच्यासाठी 1999 च्या धोरणात कुठलं कलम होतं, ते दाखवा.

आडवळण :
कलम नव्हतं. तारखातंही 2013 मध्ये बंद झालं, त्यासाठीही मोबाइल महाग ठेवायचा होता का?

ट्रंकबाई :
तारखात्यातल्या लोकांना पगार आणि पेन्शन होतं हो. बूथवाल्याला काय होतं?