प्रभुभोजनापूर्वीचे आत्मपरीक्षण: सात महिने भाकरी घेतलेली नाही

प्रश्न (एक सभासद, सोलापूर)

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या मरणाच्या आठवणीसाठी भाकरी व द्राक्षरस घेण्याचा विधी, असते. गेले सात महिने भाकरीचे ताट माझ्यापुढे आले की मी ते तसेच शेजाऱ्याकडे सरकवतो. पाळकसाहेब विधीपूर्वी करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय वाचतात, 'अयोग्य रीतीने' खाणाऱ्याविषयीचा इशारा कानी पडतो आणि माझी छाती दडपते. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळापासून मी रोज रात्री एका वहीत दिवसभराचे दोष लिहीत आलो आहे: संताप, प्रार्थनेतील टाळाटाळ, उपासना चालू असताना मोबाइलकडे गेलेले लक्ष, मनात येऊन गेलेले वाईट विचार. एक वही भरली, दुसरी आणली. परंतु मन हलके होण्याऐवजी अधिकच कोरडे पडत चालले आहे. (थोरल्या भावाशी वडिलांच्या घराच्या भाड्यावरून दोन वर्षे बोलणे बंद आहे, पण तो घरगुती विषय आहे.) आत्मपरीक्षण याहून वेगळे कसे करतात आणि आत्मिक नवीकरण म्हणतात ते कशाने होते, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर १ (शब्बाथशाळेची शिक्षिका)

बंधू, तो अध्याय सतराव्या वचनापासून वाचून पाहावा. करिंथच्या मंडळीत काही जण आपापले जेवण आधीच उरकून घेत. परिणामी एक भुकेला राहत असे, तर दुसरा पिऊन मस्त होत असे, आणि ज्यांच्याकडे काही नव्हते त्यांची मान खाली जात असे. ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचा राग त्यावर आहे. 'अयोग्य रीतीने' हे शब्द खाण्याच्या पद्धतीविषयी आहेत, खाणाऱ्याच्या पात्रतेविषयी नाहीत. पात्रतेचाच प्रश्न असता तर त्या मेजावर कोणीच बसले नसते. अठ्ठाविसाव्या वचनात परीक्षा करण्यास सांगून झाल्यावर पौल 'मग खावे' असेही म्हणतो, आणि आपण नेमके तेवढेच गाळले आहे. तेथे परीक्षेसाठी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, ते धातू किंवा नाणे पारखण्यासाठीही वापरत असत. सराफ सोने कसोटीवर घासतो ते खरे किती हे पाहण्यासाठी, फेकून देण्यासाठी नव्हे.

आता थोडे कडू बोलते, राग मानू नये. आपण मोबाइलसाठी ओळ खर्च केली आणि सख्ख्या भावाला कंसात टाकले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू वेदीजवळ अर्पण आणणाऱ्याला आठवण करून देतो ती भावाचीच, आणि तेही 'तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असले तर' असे न म्हणता, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असले तर, असे. दोन वह्या भरूनही जी गोष्ट वहीत उतरली नाही, ती शोधण्यासाठी तिसरी वही आणू नये.

उत्तर २ (यंत्रमाग कामगार)

ताईंच्या म्हणण्याला माझी एक पुस्ती. ताण्यातला एक धागा तुटला आणि माग तसाच चालत राहिला, तर कापडात उभी रेघ पडत जाते. कापडाकडे कितीही वेळ बघत बसले तरी ती भरून येत नाही. माग थांबवावा लागतो, तुटलेले टोक शोधावे लागते, गाठ मारून धागा पुन्हा फणीतून ओवावा लागतो, आणि तेवढ्या वेळाची मजुरी बुडते.

उत्तर ३ (सेवानिवृत्त पाळक)

ताईंचा अर्थ मला मान्य आहे, तरी एक सावधगिरी सुचवतो. भावाशी समेट ही भाकरी घेण्याची नवी अट करून ठेवू नये. समेटाला दोन माणसे लागतात आणि दुसऱ्याचे मन आपल्या हाती नसते. म्हणूनच रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात 'तुमच्याकडून होईल तितके' अशी मर्यादा घातली आहे. आपल्यासारखाच घोर धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरलाही मठात असताना लागला होता. तो तासन् तास पापांगीकार करी आणि उठताना काही राहिले तर नाही ना, याच धास्तीत असे. पुढे 1517 मध्ये त्याने जे 95 प्रबंध मांडले, त्यांतील पहिलाच असे म्हणतो की विश्वासणाऱ्याचे सारे जीवन पश्चात्तापाचे असावे. पश्चात्ताप तोच राहिला. त्यातील हिशेबनिसाची धडपड मात्र गेली.

नवीकरणाविषयी विचारलेत म्हणून पंडिता रमाबाईंचे उदाहरण देतो. त्यांचे कार्य जेथे चालले ते केडगाव आपल्या पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच आहे. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. परंतु आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, हे त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी उमगल्याचे त्यांनीच लिहून ठेवले आहे. एवढ्या विदुषीला ते स्वतःच्या छाननीने कळले असे मला वाटत नाही. स्तोत्र 139 च्या शेवटी स्तोत्रकर्ता स्वतःला तपासत बसत नाही, तो देवाला म्हणतो की तू मला तपासून पाहा. आपण परीक्षक होऊन बसलात, म्हणून मन कोरडे पडले असावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचा ऋणी आहे. पहिल्या संदेशात एक गोष्ट मी लिहिली नव्हती. वडिलांच्या घराचे भाडे दोन वर्षे मीच घेत आहे आणि भावाचा निम्मा वाटा दिलेला नाही. दुरुस्तीला खर्च झाला, असे स्वतःला समजावत आलो. काल पावत्या काढून पाहिल्या, दुरुस्तीचा खर्च फार थोडा निघाला. भाऊ शहरातच राहतो आणि या शनिवारी जाण्याचे ठरवले आहे. सगळी रक्कम मात्र दिवाळीपर्यंत जमणार नाही. तोवर थांबणे योग्य होईल का?

उत्तर १ (शब्बाथशाळेची शिक्षिका)

थांबू नये. शुभवर्तमानातील जकातदार जक्कयाने लुबाडलेले चौपट परत देण्याचे सांगितले ते प्रभूसमोर उभ्या उभ्या, पैसे मोजून झाल्यावर नव्हे. जमले आहेत तेवढे पैसे आणि भाड्याच्या पावत्या सोबत न्याव्यात. दोषांच्या वह्या घरीच राहू द्याव्यात.