बाळंतपणात तुमच्याशी कसं वागले? नाशिककरांनो, लिहा

उपचार बरोबर होते का, हे इथे विचारत नाही. लेबर रूममध्ये कोण काय बोललं, विचारून हात लावला का, जवळ कोण होतं, तेवढंच लिहा. पुरुषांनी आणि दवाखान्यात काम करणाऱ्यांनीही लिहा. नावं मात्र नकोत, ना दवाखान्याची ना माणसांची.

सिडकोची सून: पहिलटकरीण होते. कळा सोसवेनात म्हणून ओरडले, तर दवाखान्यातल्या मावशी म्हणाल्या, "तेव्हा बरं गोड लागलं!" सिस्टर हसल्या. माझ्या जन्माच्या वेळी आईलाही मालेगावात हेच ऐकवलं होतं म्हणे. मग काही न सांगता एकीने दोन्ही हातांनी पोट दाबायला सुरुवात केली. असं दाबू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये लिहून ठेवलंय; मला ते कळलं मुलगी शाळेत जायला लागल्यावर. टाके घालताना पडदा सताड उघडा आणि दारात वॉर्डबॉय मोबाइलवर बोलतोय.

अंबडचा नवरा: सिझरच्या कागदावर सही माझी घेतली. बायको शुद्धीत होती, बोलत होती, तिला कोणी विचारलंच नाही. तिचा राग अजून गेलेला नाही. बरोबरच आहे.

सुरगाण्याकडची: पावसात आमच्या पाड्याची वाट बंद होते, म्हणून आशाताईंनी तारखेच्या आधीच आरोग्य केंद्राच्या माहेरघरात नेऊन ठेवलं. सासू सोबत होती. तिथली सिस्टर आमच्याच बोलीत बोलायची, तपासण्याआधी "आता हात लावते हं" म्हणायची. दुसऱ्या खेपेला रक्त कमी म्हणून शहरात पाठवलं. तिथे पहिलं वाक्य काय, तर "आंघोळ तरी करून यायचं!" त्यानंतर दुखलं तरी मी तोंड उघडलं नाही.

पंचवटीतून: मला मुलगा झाला, लगेच पेढ्याचे पैसे मागितले. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, जेवण, गाडी सगळं २०११ पासून मोफत आहे, तरी हे चालूच. शेजारच्या खाटेवरचीला तिसरी मुलगी. तिच्याकडे पैसे मागितले नाहीत, "या पुढच्या वर्षी" असं मात्र ऐकवलं.

निवृत्त परिचारिका: रात्रपाळीला एकटी सिस्टर आणि तिघीचौघी कळा देतायत, तेव्हा आवाज चढतो, हे खरं. पण मांडीवर मारलेली चापट दमणुकीच्या नावावर खपवता येत नाही. आणि सोबतीण आत असली की आमचंच काम हलकं होतं. ती पाठ चोळते, पाणी पाजते. आमच्या जिभेलाही जरा लगाम बसतो, खोटं कशाला बोलू!

नाशिक रोड: मला सातवा लागलाय. आईला आत घेतील का हो?

निवृत्त परिचारिका: सरकारी दवाखान्यात एका सोबतिणीला २०१६ पासून केंद्राची परवानगी आहे. शक्यतो स्वतः बाळंत झालेली नात्यातली बाई हवी, तिला संसर्गाचा आजार नको, कपडे स्वच्छ हवेत आणि पूर्ण वेळ थांबायची तयारी. आडोसा नीट असेल तिथे नवऱ्यालाही घेता येतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते, पुढच्या वेळी तिथेच इनचार्ज सिस्टरना सांगून ठेव, ऐनवेळी दारात वाद नको. खासगीत जाणार असशील तर नाव नोंदवण्याआधीच विचार, तिथे ज्याचा त्याचा नियम.