मदत हवी आहे: ख्रिस्ती-इस्लामी ईश्वरविचाराची तुलना कशी मांडू?

मिश्र श्रोत्यांसमोर दोन्ही धर्मांच्या ईश्वरविचारावर अर्धा तास बोलायचं आहे. बायबल-कुराण, येशू-मुहंमद अशा जोड्या लावून तक्ता केला, पण तो लंगडा वाटतो. ख्रिस्ती श्रद्धेत देवाचा शब्द म्हणजे स्वतः येशू. इस्लाममध्ये ते स्थान कुराणाचं. मग जोडी येशू-कुराण अशीच लागते ना? वादही तसेच झाले: 325 मध्ये नायसियाच्या ख्रिस्ती धर्मपरिषदेने पुत्र (म्हणजे येशू) निर्मिलेला नाही असं ठरवलं, तर नवव्या शतकात बगदादमध्ये कुराण निर्मित की अनादि यावरून जुंपली. इथवर जमतंय.

अडतंय क्रूसापाशी. कुराणातली 4:157 ही आयत येशूला क्रूसावर मारल्याचं नाकारते (निदान बहुसंख्य मुस्लिम भाष्यकार तसाच अर्थ लावतात), आणि ख्रिस्ती तारणविचार (माणसाची पापातून सुटका कशी होते हा विचार) तर त्या मरणावरच उभा. 'सार एकच' म्हणणं मला पळवाट वाटते.

खंडन-मंडनाचे व्हिडिओ कृपया सुचवू नका, पुष्कळ पाहिले. अरबी, ग्रीक येत नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी वाचन चालेल.

एकाची फूटपट्टी दुसऱ्याला न लावता हा मुद्दा कुठून सुरू करू: पापाच्या कल्पनेपासून, की देव आपल्या प्रेषिताला शत्रूच्या हाती सोडत नाही या श्रद्धेपासून?