शब्दचर्चा: ऑटोमॅटिक घड्याळाचं 'एकदिशी' आणि 'द्विदिशी'

बोरकूट:
ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने आपोआप भरणारी) घड्याळं फिरवत ठेवायची एक पेटी असते (हातात घातलं नाही तरी घड्याळ बंद पडू नये म्हणून), तिचं माहितीपत्रक मराठीत करतेय. पेटीला दिशेचे तीन पर्याय आहेत, उजवी, डावी आणि दोन्ही, आणि कुठलं घड्याळ कशावर ठेवायचं त्याचा तक्ता. मी 'एकदिशी फिरणारं' आणि 'द्विदिशी फिरणारं' लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी खोडून 'एकेरी' आणि 'दुहेरी' केलं. मला पटत नाहीये, दुहेरी म्हटलं की आत दोन यंत्रं आहेत असं वाटतं. काय लिहावं?

खटका:
एकेरी-दुहेरी नकोच, पण तुमच्यातलं 'फिरणारं' पण काढा. रोटर, म्हणजे आतलं फिरतं वजन, दोन्हीकडे फिरतोच हो, मनगट हलेल तसा तो लोंबता अर्धचंद्र जाणार, त्याला कोण अडवणार? वाल्जू 7750 या यंत्रात एका बाजूला फिरला की कमान (घड्याळ चालवणारी स्प्रिंग) गुंडाळली जाते आणि उलट फिरला की नुसता मोकळा भिरभिरतो, इतका की मनगटाला थरथर जाणवते. ईटीए 2824 मध्ये रोटर आणि कमानीच्या मधे दोन चाकं अशी बसवलीत की रोटर कुठेही जावो, कमान गुंडाळलीच जाते. सीकोने 1959 ला हेच काम दोन टोकांच्या एका खटक्यावर भागवलं, एक टोक ढकलतं, दुसरं ओढतं, बस. म्हणजे दिशा फिरण्याची नाही, पीळ बसण्याची. 'एकदिशी पीळ', 'द्विदिशी पीळ' असं करा.

अनुष्टुभ:
> द्विदिशी पीळ

हे तर जास्तच चूक. कमानीला पीळ दोन्ही प्रकारांत एकाच दिशेने बसतो, नाहीतर एकीकडे बसलेला दुसरीकडे सुटेल. शिवाय सव्य, अपसव्य, उभय असे नेमके शब्द असताना दिशी-बिशी कशाला? 'उभयग्राही' म्हणा, रोटरच्या दोन्ही फेऱ्या कामी लावणारं.

तळकोकण:
मुळात पीळ कुठून आला? पीळ दोरीला आणि मिशीला. घड्याळाला चावी देतात. आमच्या आजोबांकडे एचएमटी जनता होतं, रोज सकाळी चहाच्या आधी चावी, ती दिल्याशिवाय कुणाशी बोलायचे नाहीत.

पेठी:
किल्ली! चावी पोर्तुगीज आहे. किल्ली आपली, संस्कृत कील वरून, खिळा त्याच घरातला.

तळकोकण:
फारसीत किल्लीला कलीद म्हणतात, ते कुठल्या घरातलं? आणि पाव, बटाटा पण पोर्तुगीजच, ते रोज खाता ना? चारशे वर्षं तोंडात असलेला शब्द परका कसा राहील ते मला कुणीतरी नीट समजावून सांगा.

खटका:
चावी म्हणा की किल्ली म्हणा, सीकोच्या 7एस26 ला दोन्ही देता येत नाही. बाजूची खुंटी फिरवून कमान भरतच नाही, ते हलवायचंच. आणि हे काही नवीन नाही, हारवूडने 1924 ला पेटंट घेतलेल्या पहिल्या ऑटोमॅटिक मनगटी घड्याळाला खुंटीच नव्हती, काटे लावायला काचेभोवतीचं कडं फिरवायचं. त्यातलं वजन पूर्ण गोल पण फिरायचं नाही, दोन्ही टोकांना स्प्रिंगवर आपटून परत यायचं, पीळ एकाच बाजूने.

सातारी:
म्हणजे एकदिशी हे जुनं तंत्र आणि आता मागे पडलं असं समजायचं का?

खटका:
नाही, हे माहितीपत्रकात चुकूनही यायला नको. रोलेक्सचा 1931 चा पूर्ण गोल फिरणारा रोटर एकदिशीच होता, दोन्हीकडून भरणारा फेल्सा कंपनीचा बायडायनेटर 1942 चा. पण आजचं मियोटा 9015 पण एकदिशीच आहे आणि उत्तम चालतं. दोन्हीकडून भरणाऱ्यात दर वेळी दिशा बदलली की सांधे धरेपर्यंत थोडी हालचाल वाया जाते, खुर्चीत बसून टायपिंग करणाऱ्याच्या छोट्या हालचालीत ते भोवतं. म्हणून 'दुहेरी' मधून जी बढाई ऐकू येते ती मला खटकते.

सातारी:
@अनुष्टुभ, सव्य म्हणजे नक्की कुठली बाजू? सव्यसाची अर्जुन तर डाव्या हातानेही बाण मारायचा म्हणून सव्यसाची. आणि रोटर घड्याळाच्या मागून दिसतो, मागून जे उजवीकडे ते तबकडीकडून डावीकडे. पेटीच्या तक्त्यात कुठून बघायचं ते आधी लिहा, शब्द नंतर.

अनुष्टुभ:
संस्कृतात सव्य डावा हे बरोबर, पण मराठी शास्त्रीय लेखनात सव्य म्हणजे काट्यांच्या दिशेने असंच रूढ आहे, विश्वकोशात बघा.

पेठी:
आणि 'सव्यापसव्य' म्हणजे नसती यातायात, तो अर्थ मराठी माणसाला आधी आठवणार. ग्राहकाला पेटीवर ते वाचायला लावू नका.

तळकोकण:
चावीवरून आठवलं, भिंतीवरच्या टोल्यांच्या घड्याळाला दोन भोकं असायची, एक चालायचं आणि एक टोल्यांचं. आमच्याकडच्याला एक उजवीकडे पिळायचं आणि एक डावीकडे, आणि आजी टोल्यांचं भोक श्रावणात कीर्तन असलं की मुद्दाम भरायची नाही.

पेठी:
'पिळायचं' म्हणालात ना आता?

बोरकूट:
त्या दोन भोकांना वेगवेगळी नावं होती का घरात? आमच्याकडे आई 'वेळेचं' आणि 'ठोक्यांचं' म्हणायची, बाकीच्यांकडे काय होतं?