ग्लूटेन बंद केल्यावर डोकेदुखी, थकवा: काय करावं?

प्रश्न: ग्लूटेन हे प्रथिन असलेली धान्यं, म्हणजे गहू, जव, राय (rye), बंद करून पाच दिवस झाले. दुपारी डोकं ठणकतं, अंगात त्राण नसतं, पोट साफ होत नाही. मध्ये थोडा ब्रेड खाल्ला तर चालेल का?

उत्तर १: आधी सांगा, सीलिअॅकची (ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा होते तो आजार) तपासणी झाली आहे का? टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी ग्लूटेन खात असतानाच करायची असते. बंद केल्यावर अँटिबॉडी घटत जातात आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. राहिली असेल तर आत्ताच डॉक्टरांशी बोला. निदान पक्कं असेल तर मात्र ब्रेडचा तुकडासुद्धा नको.

उत्तर २: व्यसन सुटल्यासारखा त्रास ग्लूटेनमुळेच होतो, याला पक्का आधार नाही. बहुतेकदा गहू जातो आणि ताटातली त्याची जागा रिकामीच राहते. पिष्टमय पदार्थ एकदम घटले की शरीर मीठ-पाणी जास्त बाहेर टाकतं. मग डोकं धरतं, गळून जायला होतं. प्रत्येक जेवणात पोटभर भात किंवा बटाटा घ्या. बिस्किटांबरोबर चहा-कॉफीही सुटली असेल तर ठणका कॅफीन सुटल्याचा असू शकतो. तो २ ते ९ दिवसांत ओसरतो.

उत्तर ३: पोटाचं कारण कोंडा गेला हे. २०० ग्रॅम शिजवलेल्या मसुरात सुमारे १५ ग्रॅम तंतू (फायबर) मिळतात. पण हळूहळू वाढवा, पाणीही वाढवा, नाहीतर पोट फुगेल. सोया सॉस, माल्ट आणि साधे ओट्स यांतही ग्लूटेन असू शकतं, लेबलं नीट वाचा. दोन आठवड्यांनंतरही त्रास राहिला, किंवा वजन घटू लागलं, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.