विषय: घर विकायला काढतोय, बाहेरून काय काय करून घ्यावं?

नमस्कार मंडळी,
न्यू जर्सीतल्या एडिसनचं आमचं १९६४ सालचं घर एप्रिलअखेर विकायला काढतोय. ह्यांच्या गुडघ्यांमुळे दोन वर्षं बाहेर हात लागलेला नाही. उत्तरेकडच्या साइडिंगवर (भिंतीच्या बाहेरच्या आवरणावर) हिरवी बुरशी, लॉनला जागोजाग टक्कल, खिडक्यांच्या लाकडी चौकटींच्या रंगाचे पापुद्रे सुटलेत. एजंट म्हणतो, सगळं नवं करा. खरंच लागतं का हो एवढं? दाराजवळचं वृंदावन आणि गणपतीची टाइलही काढा म्हणाला, ते फार लागलं मनाला.
– सु., एडिसन

वहिनी, नमस्कार.
सगळं नवं मुळीच करू नका. बुरशी व्हिनेगरने जाते: एक भाग व्हिनेगर, दोन भाग पाणी, मऊ ब्रश. त्यात ब्लीच मात्र चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. प्रेशर वॉशर आणलात तर फवारा खालून वर नको, पाणी साइडिंगच्या मागे शिरतं.

चौकटी भाऊंना खरवडू देऊ नका. घर १९७८ च्या आधीचं, म्हणजे रंगात शिसं असू शकतं. ईपीएचं, म्हणजे इथल्या सरकारी पर्यावरण खात्याचं, लेड-सेफ (शिशाचं काम सुरक्षित करण्याचं) प्रमाणपत्र असलेलाच रंगारी बोलवा. लॉनला क्रॅबग्रास हे तण उगवू नये म्हणून औषध टाकलंत तर नवं बीही उगवत नाही. टकलांवर तयार सॉड, म्हणजे मुळांसकट गवताचे पट्टे, अंथरा. झाडांभोवती पसरायचा लाकडाचा चुरा, मल्च, दोन-तीन इंच पुरे, पण भिंतीला टेकवू नका, वाळवी चढते.

आता मुख्य गोष्ट. घराच्या कडेला जमिनीतून वर आलेला लोखंडी पाइप आहे का, बघा. आमच्या पिस्कॅटवेच्या घराला होता. दिसायला वाईट म्हणून आम्ही त्याच्यापुढे हायड्रेंजिया लावली. गिऱ्हाइकाने घर तपासायला आणलेल्या इन्स्पेक्टरने पाहताक्षणी ओळखलं, की खाली घर गरम करायच्या तेलाची जुनी टाकी पुरलेली आहे. आम्हाला खरंच कल्पना नव्हती, पण पुढच्या झाडामुळे आम्ही लपवलं असंच त्यांना वाटलं. सौदा मोडला. टाकी काढणं, मातीची तपासणी, टाउनशिपची परमिटं, यात अख्खा उन्हाळा गेला. फुलझाडांवर एक डॉलर घालण्याआधी टँक स्वीप, म्हणजे जमिनीखाली टाकी आहे का याची तपासणी, करून घ्या.
– वि., पिस्कॅटवे

सु.ताई,
टाइल काढाच, पण वेगळ्या कारणासाठी. भिंतीत पक्की बसवलेली वस्तू घराबरोबर विकली गेली असं धरतात. विक्रीच्या जाहिरातीचे फोटो काढण्याआधी उतरवलीत तर ती तुमच्याबरोबर नव्या घरी येईल. आणि तुळस मेच्या मध्यापर्यंत इथे बाहेर टिकत नाहीच. वृंदावन माझ्या डेकवर ठेवा, सामान हलवताना घेऊन जा.
– मा., मेटचेन

वि.भाऊजी, आत्ताच बघून आले. गॅरेजमागे एक पाइप आहे, वर झाकण आहे. इतकी वर्षं तो पाण्याचा समजत होतो. उद्या सकाळीच टँक स्वीपवाल्यांना फोन करते.
मा., शनिवारी वृंदावन घेऊन येतो.
– सु.