चिंचवडच्या प्रदर्शनात हॉलिडे पार्कचा स्टॉल: ३ बाय ३ मध्ये काय मांडावं, कुणाला काय सांगावं?

मुळशीकाठ
मंडळी, मुळशीत आमचं हॉलिडे पार्क आहे. १४ कॉटेज, २० तंबू, स्विमिंग पूल, रेन डान्स, डे पिकनिकला २०० माणसांची सोय. शनिवार-रविवार आपोआप भरतात, सोमवार ते गुरुवार नुसता माळी आणि कुत्रं. ऑटो क्लस्टरला पर्यटनाचं प्रदर्शन आहे, त्यात ३ बाय ३ मीटरचा तयार स्टॉल घेतलाय. पहिला दिवस फक्त टूरवाल्यांसाठी, पुढचे दोन सगळ्यांसाठी खुले. स्टॉलवर मी, भाचा आणि पार्कचा मॅनेजर. भिंतींवर काय लावायचं, एजंटांना रेट काय सांगायचा आणि गोळा झालेल्या नंबरांचं पुढे काय करायचं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

फॅशियावाला
आधी मापं. ३ मीटर म्हणजे ९ फूट १० इंच, आणि ॲल्युमिनियमचे खांब धरून आतली जागा त्याहून इंच-दोन इंच कमीच भरते. फ्लेक्सवाला सवयीने १० बाय ८ छापतो. तो मागच्या भिंतीवर बसत नाही, कडेला दुमडतो आणि तीन दिवस सुरकुतलेला दिसतो. साडेनऊ बाय ८ छापा, वरच्या पट्टीला एस-हुक आणि नायलॉनची दोरी लावून टांगा. पॅनलला खिळा किंवा स्क्रू मारलात तर दंड लागतो. फोमटेपही जपून वापरा, गोंद राहिला की पॅनलचे पैसे मागतात. छपाई मॅट घ्या. चकचकीत फ्लेक्सवर स्पॉटलाइट पडला की समोरच्याला फोटोऐवजी दिवाच दिसतो.

भाड्यात साधारण एक टेबल, दोन खुर्च्या, तीन स्पॉटलाइट आणि ५ अँपिअरचा एक पॉइंट मिळतो. त्यावर ४३ इंची टीव्ही आणि दोन चार्जर आरामात चालतात. किटली किंवा फ्रिज लावला तर तुमच्याबरोबर शेजारच्याचाही फ्यूज उडेल. जास्त वीज हवी असेल तर आयोजकांकडे आधीच फॉर्म भरावा लागतो, ऐनवेळी वायरमन दाद देत नाही. फॅशियावर (स्टॉलच्या वरच्या नावाच्या पट्टीवर) नाव कसं हवं तेही त्याच फॉर्ममध्ये मराठी-इंग्रजी दोन्हींत टाईप करून द्या. फोनवर सांगितलेलं नाव चुकीचंच छापून येतं.

टेबल पुढे आडवं टाकू नका. आडवं टेबल म्हणजे दुकानाचा काउंटर, लोक बाहेरूनच पॅम्प्लेट उचलून पुढे जातात. बाजूच्या भिंतीला लावा, समोरची बाजू मोकळी ठेवा. तिघांपैकी दोघं उभे, एक सुट्टीवर. खुर्चीत बसून मोबाईल बघणारा माणूस स्टॉलवर असण्यापेक्षा नसलेला बरा.

टीव्हीवर ६० ते ९० सेकंदांची फिल्म, आवाजाशिवाय, खाली मोठ्या अक्षरांत ओळी. पेन ड्राइव्हवरून चालवा, गर्दीत हॉलमधलं नेटवर्क आचके देतं. आणि पावसाळ्यातलं ड्रोन शूटिंग डिसेंबरच्या बुकिंगला दाखवू नका. हिरवं बघून आलेला माणूस पिवळं गवत बघून भांडतो. सजावटीला बुरूड आळीतल्या चार टोपल्या-सुपं आणि उरुळी कांचनच्या नर्सरीतली सहा-सात मोठी रोपं पुरतात.

नेटरेट
पहिल्या दिवसाचं मी सांगतो. टूरवाल्याला तुमच्या स्लाइडची उंची नको असते. तो चार गोष्टी विचारतो: नेट रेट (कमिशन वजा जाता एजंटने तुम्हाला द्यायचा दर) किती, तो कधीपर्यंत, कोणत्या तारखा बंद, आणि ड्रायव्हरची सोय काय. एका पानावर हे सगळं हवं. उदाहरणार्थ, कॉटेजचा छापील दर ३,५०० असेल तर एजंटला २,८०० नेट, ३१ मार्चपर्यंत वैध. दिवाळीचा आठवडा, २४-२५ आणि ३१ डिसेंबर बंद. ॲडव्हान्स न आल्यास होल्ड (एजंटसाठी राखून ठेवलेली खोली) मुक्कामाच्या ७ दिवस आधी सुटेल. ५ वर्षांखालचं मूल फुकट, ड्रायव्हरला जेवण आणि गादी.

हे पान टेबलावर ठेवायचं नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी फोटो काढतो आणि संध्याकाळपर्यंत तो सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो. फोल्डरमध्ये घाला, व्हिजिटिंग कार्ड घेऊनच द्या. आणि इन्स्टाग्रामवर तुम्हीच २,७०० ची ऑफर टाकलीत तर एजंट पुन्हा फोन करणार नाही. सूट द्यायचीच तर सगळी सोमवार ते गुरुवारवर द्या, शनिवारचा एक रुपयाही सोडू नका.

कंपन्यांचे एचआर वेगळे. हिंजवडी, चाकणवाले व्हेंडर रजिस्ट्रेशनला पॅन, जीएसटी, कॅन्सल चेक मागतात आणि ६० दिवसांची उधारी ऐकवतात. तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म किंवा लघु गटात असेल तर कायद्याने ४५ दिवसांच्या पुढची मुदत चालत नाही. प्रमाणपत्राची प्रत फोल्डरमध्येच ठेवा.

जीएसटीचंही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे, पण इनपुट क्रेडिट (खर्चावर भरलेला जीएसटी वळता करून घेणं) नाही. स्टॉलभाड्यावरचा १८ टक्के वळता होईल असं धरून बजेट करू नका. डे पिकनिकचा हिशोब वेगळा, तो सीएकडून करून घ्या. स्टॉलवर टोकन घेतलंत तर सेवेच्या ॲडव्हान्सवरही कर लागतो, पावती त्याच दिवशी फाडा.

मुळशीकाठ
धन्यवाद, मापं आजच कळवतो. शाळांचं काय? आणि स्टॉलवर गरम हुरडा भाजून दिला तर गर्दी होईल असं भाचा म्हणतोय.

सहलप्रमुख
भाच्याला आवरा. बंदिस्त हॉलमध्ये उघडा विस्तव चालू देत नाहीत. बाहेरून भाजून आणला तर तासाभरात वातड होतो. द्यायचंच तर शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीच्या लाह्या, तेही आयोजकांना विचारून. आणि खायला येणारी गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे.

शाळेच्या शिक्षकांसाठी मात्र स्वतंत्र पान करा, त्यावर सुंदर फोटो नसला तरी चालेल. त्यांना मुख्याध्यापक आणि पालकांना उत्तरं द्यायची असतात. ५० सीटची बस आतपर्यंत येते का आणि वळते कुठे. मुलींची स्वच्छतागृहं किती, मुलांची किती. पाण्याची खोली फुटांत, जीवरक्षक किती वेळ हजर. जवळचं हॉस्पिटल किती मिनिटांवर आणि रुग्णवाहिका कुणाची. दर २० मुलांमागे एक शिक्षक मोफत. जेवणात काय, जैन जेवण मिळेल का. बस वळवायला जागा नसेल तर तसं लिहा, ४०० मीटर चालावं लागेल हे आधी सांगितलं की कुणी रागावत नाही.

रस्ताही किलोमीटरमध्ये सांगू नका. चांदणी चौकातून पिरंगुट-पौडमार्गे सकाळी साडेसातला किती वेळ आणि शनिवारी दहाला किती, हे दोन आकडे द्या. शाळांच्या सहली नोव्हेंबर ते जानेवारीत जातात, ठरतात मात्र दोन-तीन महिने आधी. तुमचं प्रदर्शन त्याच्या पुढे असेल तर शाळांवर वेळ घालवू नका, कंपन्या धरा.

चौकशीवही
नंबरांबद्दल. लकी ड्रॉचा डबा ठेवू नका.

नेटरेट
सरसकट असं नाही. सोमवार ते गुरुवारचा एक मुक्काम बक्षीस ठेवला तर कुटुंबं थांबतात.

चौकशीवही
थांबतात, पण चिठ्ठीत खोटा नंबर टाकतात, आणि खरा टाकणाऱ्याला फक्त बक्षीस हवं असतं. त्यापेक्षा क्यूआर लावा, स्कॅन केला की व्हॉट्सॲपवर तुमच्या नंबरचा चॅट उघडेल आणि आधीच लिहिलेला मेसेज दिसेल. तीन वेगळे क्यूआर: ‘कुटुंब’, ‘शाळा’, ‘कंपनी’. पाठवणारा स्वतःहून मेसेज करतो, नंबर खरा येतो आणि वर्गवारी आयती होते. तिथेच त्याला तुमचा नंबर सेव्ह करायला लावा. ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज नंबर सेव्ह असलेल्यालाच पोचतो, म्हणून बहुतेकांची दिवाळी ऑफर हवेत जाते.

दीड मीटरवरून स्कॅन व्हायला क्यूआर १५ सेंटिमीटरचा हवा, छातीच्या उंचीवर. स्टँडीच्या तळाशी छापतात, तो टेबलाखाली जातो.

सोबत कागदी वही ठेवाच, नेटवर्क गेलं की तीच उपयोगी. रकाने पाच: नाव-नंबर, किती माणसं, कोणता महिना, दिवसभर की मुक्काम, निर्णय कोण घेणार. बोलणं संपल्या संपल्या समासात अ (पक्कं गिऱ्हाईक), ब (विचारात असलेलं) किंवा क (नुसती चौकशी) लिहा. रात्री लिहायला बसलात तर चेहरे एकमेकांत मिसळतात. तंबू, सोलर, सॉफ्टवेअर विकायला येणारेही भरपूर असतात, त्यांची कार्डं वेगळ्या पाकिटात टाका आणि दोन मिनिटांत मोकळे व्हा.

‘अ’वाल्यांना ४८ तासांत फोन. कुणी कुणाला करायचा हे प्रदर्शनाआधीच ठरवा: एजंट तुम्ही, शाळा-कंपन्या मॅनेजर, कुटुंबं भाचा. कूपन द्यायचं तर अनुक्रमांक घालून, ४५ दिवसांची मुदत छापून. पुढच्या वर्षी स्टॉल घ्यायचा की नाही हे परत आलेल्या कूपनांवर ठरतं. ए-५ आकाराची, १३० जीएसएम जाडीच्या कागदाची दोन हजार पॅम्प्लेट पुरतील. फोल्डर दीडशे, तेही सगळे संपायला नकोत.

फॅशियावाला
एक राहिलं. शेवटच्या दिवशी बंद व्हायच्या आत सामान बाहेर काढू देत नाहीत आणि नंतर सगळ्यांचे छोटा हत्ती एकाच गेटवर उभे राहतात. सामान आत आणतानाच टीव्हीच्या सीरियल नंबरसकट यादी करून त्यावर शिक्का घ्या. बाहेर पडायचा गेटपास शेवटच्या दिवशी दुपारीच सही घेऊन ठेवा, संध्याकाळी सही करणारा माणूस सापडत नाही. टीव्ही मात्र भिंतीवरून आधी उतरवून स्वतःजवळ ठेवा. आवराआवरीच्या गोंधळात पहिल्यांदा तोच गायब होतो.